न सापडलेलं तिकीट

मराठीत 'पॉश' हा शब्द आता इतका रुळला आहे की तो इंग्रजी आहे हे मुद्दाम सांगावं लागतं. पॉश वस्ती, पॉश फ्लॅट, पॉश हॉटेल. माझी आई इंग्रजीचं एक अक्षर शिकली नव्हती, पण शेजाऱ्यांनी नवा सोफा आणला तेव्हा 'एकदम पॉश केलंनी घर' असं म्हणाली होती. हा शब्द इंग्रजीत कुठून आला याची एक गोष्ट मी पुष्कळ वर्षं सांगत होतो. व्याख्यानांत सांगितली, एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत लिहिली. ती अजूनही माझ्या नावानिशी फोनवरून फिरत फिरत माझ्याकडेच येते. आज तिच्याविषयी लिहितो आहे ते त्यामुळेच.

गोष्ट अशी. इंग्रज अमलात विलायतेहून मुंबईला येणारे साहेब लोक पी. अँड ओ. कंपनीच्या बोटीने येत. बोट पूर्वेकडे निघाली की तिची डावी बाजू उत्तरेला, म्हणजे सावलीत. परतताना उजवी बाजू सावलीत. ज्याच्या खिशात पैसा असेल तो हिंदुस्थानात येताना डावीकडची आणि मायदेशी जाताना उजवीकडची केबिन घेई. दर्यावर्दी इंग्रजीत बोटीची डावी बाजू म्हणजे 'पोर्ट', उजवी म्हणजे 'स्टारबोर्ड'. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' यातली पी, ओ, एस, एच ही आद्याक्षरं तिकिटावर जांभळ्या शाईत उमटवलेली असत, आणि त्यांचाच पुढे 'पॉश' झाला.

ही गोष्ट मला इतकी का आवडावी, तर मी गेली तीस वर्षं बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत कारकुनी करतो. पी. अँड ओ.ची एजन्सी सांभाळणाऱ्या मॅकिनन मॅकेन्झीची इमारत रोज वाटेत लागते. शिक्षणाने मी कॉमर्सचा. भाषेचा अभ्यास म्हणाल तर शनिवारी दुपारी टाउन हॉलमधल्या एशियाटिकच्या वाचनालयात आणि बाकी घरी, मिळेल ते वाचून. अशा माणसाला, आपण रोज तुडवतो त्या धक्क्यावरून साऱ्या जगाला एक शब्द गेला, ही कल्पना किती सुखाची वाटेल ते वाचकांनीच ठरवावं.

२००७ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या वाचनालयात माझं व्याख्यान होतं. विषय होता इंग्रजीतले हिंदी वळणाचे शब्द. शेवटी ठेवणीतला 'पॉश' काढला. टाळ्या पडल्या. मग मागच्या बाकावरून एक म्हातारे गृहस्थ उठले. खाडीकाठच्या गावातले, ऐंशीच्या घरातले. सगळे त्यांना चाचा म्हणत होते.

"साहेब, ते तिकीट तुम्ही बघितलंत काय?"

मी म्हटलं, "नाही, वाचलंय."

"मी बारा वर्षं पी. अँड ओ.च्या डेकावर खलाशी होतो. उन्हाचं कापड बांधायचं काम आमचंच. तांबड्या समुद्रात सकाळी एका बाजूला ऊन, दुपारनंतर दुसऱ्या बाजूला. सावलीची बाजू अशी नसतेच तिथे."

सभागृह हसलं. मीही हसलो, पण ते वरवरचं. रात्री झोप लागली नाही. हे गृहस्थ त्या बोटींवर होते आणि मी पुस्तकातल्या बोटीवर.

मुंबईला परतल्यावर पहिल्या शनिवारी ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या पुरवणीचा तिसरा खंड काढला. तो १९८२ चा आहे. म्हणजे मी गोष्ट सांगायला लागलो त्याआधीपासून तो उपलब्ध होता. कोशकारांनी स्वच्छ लिहिलं आहे की या गोष्टीला पुरावा नाही आणि शब्दाचं मूळ अस्पष्ट आहे. त्यांचा आधार म्हणजे जॉर्ज चौधरी-बेस्ट नावाच्या संशोधकाने १९७१ साली 'मरिनर्स मिरर' या नौकानयनाच्या इतिहासाला वाहिलेल्या नियतकालिकात लिहिलेलं टिपण. त्यांनी कंपनीकडे आणि जुन्या प्रवाशांकडे चौकशी केली होती. असं तिकीट कुणाच्याही हाती लागलेलं नाही, तेव्हाही नाही आणि त्यानंतरही नाही. पी. अँड ओ.ला राजसनद मिळाली १८४० साली. तेव्हापासून लाखो माणसांनी तिच्या बोटींतून प्रवास केला. साहेबाची जात अशी की हॉटेलचं बिलसुद्धा वहीत चिकटवून ठेवेल. एकाच्याही पेटीत एकही शिक्क्याचं तिकीट उरू नये?

आणखी एक. ही आद्याक्षरांची गोष्ट छापील स्वरूपात सापडते ती १९३५ सालच्या एका वाचकाच्या पत्रात, लंडनच्या 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'मध्ये, आणि तिथे ती अमेरिकी बोटींची संज्ञा म्हणून दिली आहे! मुंबईचं, हिंदुस्थानचं वळण तिला पुढे मिळालं. १९६८ सालच्या 'चिटी चिटी बँग बँग' या चित्रपटातल्या एका गाण्याने मग ती घराघरांत नेली. आणि अँग्लो-इंडियन बोलीचा जो महाकोश, 'हॉबसन-जॉबसन', १८८६ साली निघाला आणि १९०३ साली वाढवून पुन्हा निघाला, त्यात बोटीवरचे आणि बंदरातले कितीतरी शब्द आहेत, पण हा नाही.

चाचांच्या उन्हाचा हिशेबही मी करून पाहिला. त्यासाठी नकाशा, कोनमापक आणि शाळेतला भूगोल पुरला. सुएझहून एडनकडे जाणारी बोट पूर्वेकडे जातच नाही, ती आग्नेयेकडे, बरीचशी दक्षिणेकडेच जाते. तेव्हा डावी बाजू येते ईशान्येला. सकाळचं ऊन डावीकडे, दुपारचं उजवीकडे; चाचा म्हणाले तेच. पुढे एडन ते मुंबई बोट खरोखर पूर्वेला वळते, पण तिथे दुसरी गंमत आहे. शून्य सावलीचा दिवस आता आपल्याकडे शाळाशाळांतून साजरा होतो. मुंबईत तो मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला येतो. या दोन दिवसांच्या दरम्यान भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. एडन आणखी दक्षिणेला, म्हणून तिथे ही मुदत एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापलीकडे. ऐन उन्हाळ्यात तापते ती डावी, म्हणजे 'पॉश' बाजू! शिवाय उन्हाळ्यात तांबड्या समुद्रात वारा उत्तरेकडून वाहतो. बोटीच्या पाठीमागून, जवळजवळ तिच्याच वेगाने आलेला वारा कुठल्याच केबिनला लागत नाही.

गोष्टीच्या बाजूने बोलायचं तर भूमध्य समुद्रात ती बारा महिने खरी आहे, आणि थंडीच्या मोसमात येणाऱ्यांना अरबी समुद्रातही डावीकडे सावली मिळत असणार. अनुभवी प्रवासी बाजू बघून केबिन मागत असतीलही. पण बाजू बघणं वेगळं आणि तिकिटावर शिक्का मारणं वेगळं. मी इतकी वर्षं पहिल्यावरून दुसरं गृहीत धरलं होतं.

मग शब्द आला कुठून? इथून पुढे माझे दोन पावसाळे गेले.

आजच्या अर्थाने 'पॉश' सापडतो तो १९१४ च्या सुमारास, आणि बोटीवर नव्हे तर घोदळाच्या बराकीत. ब्रिटिश सैन्याविषयीच्या त्या वर्षीच्या एका पुस्तकात म्हटलं आहे की सरकारी गणवेशापेक्षा उंची, स्वखर्चाने शिवलेल्या कपड्यांना शिपाई हा शब्द वापरतात, आणि त्यात घोडेस्वार पायदळापेक्षा हौशी. सप्टेंबर १९१८ मध्ये 'पंच' साप्ताहिकात एक व्यंगचित्र आलं. त्यात विमानदलातला तरुण अधिकारी आईशी बोलताना हा शब्द वापरतो आणि तिला तो कळत नाही. म्हणजे पहिलं महायुद्ध संपता संपता तो तरुणांचा होता, आयांचा नव्हता. त्याआधी, १९०३ साली, वुडहाउसच्या शाळकरी मुलांच्या गोष्टींत केंब्रिजमधल्या एका झगमगीत वेस्टकोटाचं वर्णन येतं, आणि तिथे 'पुश' असं छापलं आहे. हा 'पॉश'चाच अवतार की वेगळा शब्द, यावर पंडितांचं एकमत नाही.

अजून मागे गेलं की विशेषण संपतं आणि नाम लागतं. १८९२ साली ग्रॉसस्मिथ बंधूंचं 'डायरी ऑफ अ नोबडी' पुस्तकरूपाने आलं. लंडनच्या एका कारकुनाची ती रोजनिशी. माझ्या बिरादरीतलं म्हणून माझं लाडकं पुस्तक. त्यात टोप्यांच्या धंद्यात पैसा केलेला मरे पॉश नावाचा एक छानछोकी गृहस्थ आहे. लेखकांनी हे आडनाव आकाशातून काढलं नसावं. कारण १८९० च्या आसपास निघालेल्या बारेर आणि लेलंड यांच्या बाजारबोलीच्या कोशात 'पॉश' म्हणजे छैलछबिला माणूस असा अर्थ दिला आहे. शिवाय तिथेच दुसरा अर्थ: पैसा, मूळचा अर्धा पेनी. या पैशाच्या अर्थाने लंडनच्या चोरबोलीत तो १८३० च्या सुमारास होता.

(जाता जाता: १८६० च्या दशकात लोस्टॉफ्टच्या किनाऱ्यावर जोसेफ फ्लेचर नावाच्या एका मच्छीमारालाही 'पॉश' म्हणत. त्याच्यावर जीव लावून बसला होता एडवर्ड फिट्झजेरल्ड, उमर खय्यामला इंग्रजीत आणणारा. आपल्या माधव जूलियनांच्या 'द्राक्षकन्ये'पर्यंत जी वाट येते ती या फिट्झजेरल्डच्या दारावरून. या टोपणनावाचा आपल्या शब्दाशी संबंध जोडायला मात्र मी आता धजत नाही.)

इथे मला दुसरा मोह झाला. पॉश म्हणजे उंची कपडे, वापरणारे ब्रिटिश सैनिक, आणि त्यांच्या पलटणी हिंदुस्थानात. मग 'पोशाख' समोरच उभा नाही का? फारसीतला 'पोश' म्हणजे घालणारा, झाकणारा. पलंगपोस आपल्या घरात असतो, 'सफेदपोश' हिंदी-उर्दूत भल्या माणसाला म्हणतात. ही कल्पना माझ्या आधी इंग्रजांनाही सुचली होती. मी एक लेख जवळजवळ लिहून काढला. मग चाचांचा आवाज ऐकू आला: तिकीट बघितलंत काय? बराकीत कुणी 'पोशाख' किंवा 'सफेदपोश' म्हणता म्हणता नुसतं 'पोश' म्हणायला लागला, याचा एक कागद, एक पत्र? हाती काही नव्हतं. लेख फाडला. चांगला झाला होता.

राहिला तो अर्धा पेनी. लेलंड हे अमेरिकी गृहस्थ जिप्सींच्या भाषेचे नादिष्ट. त्यांनी कोशात लिहून ठेवलं की हा 'पॉश' जिप्सींच्या रोमानी भाषेतला, तिथे त्याचा अर्थ 'अर्धा'. अर्ध्या पेनीला ते 'पॉश-होरी' म्हणत. जत्रांत, घोड्यांच्या बाजारात, पाल ठोकलेल्या मोकळ्या मैदानांत हा शब्द गोऱ्या फिरस्त्यांच्या आणि भुरट्यांच्या तोंडी गेला आणि त्याचा अर्थ नुसताच 'पैसा' झाला. असंच इंग्रजीत गेलेलं दुसरं रोमानी लेणं म्हणजे 'पॅल', दोस्त. तो त्यांच्या 'फ्राल' म्हणजे भाऊ या शब्दावरून, आणि 'फ्राल' थेट संस्कृत 'भ्रातृ'वरून. 'पॅल'बद्दल कुणी वाद घालत नाही.

रोमानी ही आपल्याच भाषाकुळातली, हे १७८२ साली योहान रूडिगर नावाच्या जर्मन पंडिताने हिंदुस्थानीशी ताडून दाखवून दिलं. पाण्याला 'पानी', नाकाला 'नाख', कानाला 'कान', माणसाला 'मनुश', काळ्याला 'कालो'. हजारभर वर्षांपूर्वी आपल्या भागातून पश्चिमेला गेलेली ही माणसं युरोपभर विखुरली. त्यांच्या शब्दांचा सर्वांत कसोशीचा अभ्यास केला तो जॉन सॅम्पसनने. हा चौदाव्या वर्षी शाळा सोडलेला, छपाईच्या कारखान्यात उमेदवारी केलेला माणूस. पुढे लिव्हरपूलच्या विद्यापीठात ग्रंथपाल झाला आणि वेल्समधल्या जिप्सींच्या बोलीवर त्याने १९२६ साली जो ग्रंथ काढला तो आजही मानतात. तो वाचताना मला काय वाटलं हे इथे लिहीत नाही. स्वतः धडपडून शिकणाऱ्यांना ते कळेल.

आता 'अर्धा' असा अर्थ असलेल्या या शब्दाचं मूळ. राल्फ टर्नर यांच्या भारतीय आर्य भाषांच्या तौलनिक कोशात ते 'पार्श्व' या संस्कृत शब्दाखाली आहे. पार्श्व म्हणजे बाजू, कूस. टर्नर मराठीला परके नव्हेत. १९१६ साली त्यांनी मराठीतल्या आघातावर निबंध लिहिला होता आणि १९२२ साली मुंबईत विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानं दिली होती, जी १८७७ साली रा. गो. भांडारकरांनी सुरू केली तीच. बाजूचा अर्धा कसा झाला? दोन बाजू असलेल्या वस्तूची एक बाजू म्हणजे अर्धी वस्तू. इंग्रजीतल्या 'हाफ' या शब्दाचाही मूळ अर्थ बाजू असाच होता. 'बिहाफ'मध्ये तो अजून शिल्लक आहे.

आणि त्याच 'पार्श्व'खाली, त्याच नोंदीत, मराठी 'पास' आणि 'पाशी' बसलेले आहेत. आईपाशी, देवापाशी, माझ्यापाशी. रोमानीतही 'पशे' म्हणजे जवळ. ते पान मी उभ्यानेच वाचत होतो. मग खाली बसलो. एक बारकावा सांगायलाच हवा. रोमानीतला श हा संस्कृतातला, जपून नेलेला. आपला तसा नाही. आपण वाटेत प्राकृतात त्याचा स केला, 'पास', आणि पुढे ई आल्यावर तो मराठीच्या सवयीने पुन्हा श झाला, 'पाशी'. घर सोडून गेलेल्यांनी जुनी वस्तू सांभाळली, आणि घरी राहिलेल्यांनी मोडून पुन्हा घडवली. ही मराठीची घडण ज्यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात उलगडली, त्या झ्यूल ब्लॉक यांनीच पुढे १९५३ साली जिप्सींवरही पुस्तक लिहिलं. त्यांचा मराठीवरचा ग्रंथ वा. गो. परांजप्यांनी 'मराठी भाषेचा विकास' म्हणून मराठीत आणला. माझं बरंचसं शिक्षण त्या एका पुस्तकावर झालं आहे.

मोह तिसऱ्यांदा होऊ नये म्हणून आता साखळीची कच्ची कडी दाखवतो. पार्श्वपासून रोमानीतल्या अर्ध्यापर्यंत रस्ता पक्का. अर्ध्यापासून अर्ध्या पेनीपर्यंत आणि पैशापर्यंत पक्का. पैशावरून पैसेवाला, छैलछबिला, हे पाऊल शक्य कोटीतलं. त्याच कोशात दोन्ही अर्थ शेजारी आहेत, पण शेजारी असणं म्हणजे नातं नव्हे. छैलछबिल्यावरून उंची कपडे हे पाऊल सोपं वाटतं, पण ते पडताना कुणी पाहिलेलं नाही. कोशकार अजूनही मूळ अनिश्चित म्हणतात, आणि ते बरोबर आहे. मला विचाराल तर, आजवर पुढे आलेल्या दाव्यांत हाच सगळ्यांत कमी उसनवारीवर उभा आहे. 'पॉश' आपला आहे असं मी म्हणत नाही. आपल्यापासून तुटलेल्या एका घराण्याचा असण्याचा संभव आहे, एवढंच.

आद्याक्षरांच्या हौशीबाबत एक योगायोग मात्र खरा. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आला आणि 'प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरासमेंट' या शब्दांवरून सगळे त्याला 'पॉश कायदा' म्हणू लागले. आमच्या कचेरीत 'पॉश समिती' असा फलक लागला तेव्हा एका नव्या मुलीने विचारलं, "काका, ही समिती पॉश म्हणजे कशी?" ज्या शब्दाला उगाच आद्याक्षरी म्हणत आलो, तो अखेर खराखुरा आद्याक्षरी झाला.

पुरवणीच्या संपादकांना मी दुरुस्तीचं पत्र पाठवलं. ते छापून आलं नाही. वाचनालयात मात्र मी पुन्हा व्याख्यान मागून घेतलं, २०१० साली गणपतीत. या खेपेला टाळ्या कमी होत्या. चाचा आले नव्हते, गुडघे धरले होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. ते पडवीत बसले होते. मी सगळं सांगितलं, अर्ध्या पेनीपासून पाशीपर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे आपलंच पाशी?"

"हो, चाचा. बहुतेक."

"आणि ही जिप्सी माणसं विलायतेत गेली कशी? बोटीने?"

शेवटची खाडी बोटीनेच ओलांडली असणार, मी म्हटलं. आणि मग १५५४ सालच्या इंग्रजी कायद्याविषयी सांगितलं. त्या काळी त्यांना इजिप्तहून आलेले समजत. जो कुणी त्यांना देशात आणून उतरवील त्याला चाळीस पौंड दंड होता. पुढे १५६२ मध्ये कायदा आणखी कडक झाला, आणि फाशीची ती तरतूद पुस्तकातून गेली थेट १७८३ साली.

चाचांनी दंडाचा आकडा पुन्हा विचारला. चाळीस, मी म्हटलं. त्या काळचे.

"मग तिकीट कुठलं सापडायला," ते म्हणाले, आणि नातीला चहा टाकायला सांगितला.